दाव्याची फाईल गावात राहू द्या

पुण्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या नकाशांच्या कामात आहेत. मैत्रिणीच्या ओळखीनं गडचिरोलीतल्या एका गावात दोनदा जाऊन आल्या. तिथल्या ३८ कुटुंबांनी कसत असलेल्या वनजमिनीसाठी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली टाकलेले वैयक्तिक दावे 'पुराव्याअभावी अमान्य' झालेत, गावाच्या जंगलावरचा सामूहिक दावा अजून टाकलेलाच नाही. 'मी उपग्रहाचे नकाशे काढून देऊ शकते, ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवू शकते. पण नेमकं काय केलं तर त्यांच्या उपयोगी पडेल?' असं त्या विचारतात.

ताई, आधी एक तारीख शोधा. अमान्यतेचं पत्र त्या ३८ जणांच्या हातात कधी पडलं? मुळात पडलं का? वनहक्क नियमांत २०१२ साली सुधारणा झाली. तेव्हापासून दावा फेटाळायचा असेल तर कारणं सविस्तर लिहावी लागतात, ती दावेदाराला प्रत्यक्ष कळवावी लागतात आणि त्यावर अपिलासाठी ६० दिवस मिळतात. अपील ऐकणाऱ्या समितीला योग्य वाटलं तर आणखी ३० दिवस वाढवून देता येतात. प्रांतांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीनं फेटाळलं असेल तर जिल्हा समितीकडे जायचं. जिल्हा समितीनंच फेटाळलं असेल तर आपल्याकडे अनुसूचित क्षेत्रात विभागीय समितीकडे जाता येतं. ही सोय राज्यपालांच्या २०२० च्या अधिसूचनेनं झाली आणि ती गावात फार थोड्यांना ठाऊक असते.

गावात विचाराल तर बहुतेक वेळा उत्तर येतं, 'यादी लागली होती जी पंचायतीत.' यादी लावणं म्हणजे कळवणं नव्हे. म्हणून प्रत्येक दावेदारानं स्वतःच्या सहीनं किंवा अंगठ्यानं अर्ज द्यायचा: निर्णयाची प्रत द्या, कारणं द्या, माझ्या दाव्याची पूर्ण फाईल पानं क्रमांकासह द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलायचं नाही. प्रत देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

आता 'पुराव्याअभावी' या शब्दाकडे येते. तो इतका सैल वापरला जातो की त्याच्याआड काहीही लपतं. कधी पुरावा जोडलेला असतो आणि वाटेत गळतो. कधी समितीला सातबाराच हवा असतो, आणि सातबारा असता तर माणूस वनहक्काचा दावा टाकायला कशाला आला असता? आणि कधी दोष आपल्यासारख्या मदत करणाऱ्यांचा असतो. तो मी स्वतः केला आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते.

नियम लागू झाले २००८ च्या सुरुवातीला. आम्ही तिघी-चौघं तेव्हा हुरूपानं पेटलेलो होतो. एका गावाचे साठेक दावे आम्ही तालुक्याच्या खोलीत बसून दोन रात्रींत भरले. कायदा आम्हाला पाठ होता आणि गावाला वेळ नव्हता, धानाची कापणी चालू होती. वडीलधाऱ्यांच्या जबाबाचा एक नमुना केला, झेरॉक्स काढल्या, नावं तेवढी बदलली. गावात जाऊन अंगठे घेतले. फाईल आमच्याच कपाटात ठेवली, 'तिथं उंदीर, वाळवी लागेल' म्हणून.

मोक्यावर तपासणी आली तेव्हा आमच्यातलं कुणीच गावात नव्हतं. साहेबांनी विचारलं, तुमच्या दाव्यात काय लिहिलंय? गावाला माहीत नव्हतं. कागद दाखवा म्हणाले, कागद तालुक्याला. पुढे सुनावणीत एका अधिकाऱ्यानं दोन जबाब शेजारी-शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारलं, 'ही दोन म्हातारी माणसं स्वल्पविरामासकट सारखी बोलतात का?' त्याचं काही चुकलं नव्हतं. सगळे दावे परत आले आणि ते पुन्हा उभे करायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत ज्यांचे जबाब खरोखर मोलाचे होते त्यांतले तिघं वारले. ती माणसं बोलायला तयार असताना मी त्यांचं ऐकून घेतलं नाही, हे मला आजही टोचतं.

दुसऱ्यांदा आम्ही कागद बाजूला ठेवला आणि शेतावर गेलो. एका आजींची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर होतं, जेमतेम दीड एकराचं. त्याची पाळ, म्हणजे बांध, इतकी रुंद की वरून बैलगाडी जाईल. पाळ एका वर्षात तशी होत नाही, दर उन्हाळ्यात माती टाकत-टाकत ती तेवढी होते. पाळीवर मोहाचं जुनं झाड. आजी म्हणाल्या, सासऱ्यानं बांधी काढली तेव्हा हे ठेवलं, कारण त्याची फुलं गोड. हे सगळं जमिनीवरचं लिखाण आहे आणि नियम १३ त्याला पुरावा मानतो: घर, झोपडी, सपाटीकरण, बांध, विहीर, दफनाची जागा, देवस्थान, वंशावळ, दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब. यांतले किमान दोन लागतात. अमुक एकच कागद आणा असं कायदा कुठंही म्हणत नाही.

बोलता-बोलता आजींनी घरात नेऊन पत्र्याची पेटी उघडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत दंडाची पावती होती, घडीवर फाटत आलेली. 'जंगलात शेती केली' म्हणून सासऱ्यांना केलेला दंड. ती त्या आम्हाला दाखवायला घाबरत होत्या. त्यांच्या लेखी तो गुन्ह्याचा कागद होता आणि आम्ही तो साहेबांना दिला तर पुन्हा दंड होईल, अशी भीती होती. वनखात्याच्याच शिक्क्याचा, तारखेचा, कक्ष क्रमांकाचा तो कागद. या जागेवर या घराण्याची वहिवाट कायद्यानं ठरवलेल्या १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या कितीतरी आधीपासून आहे, हे यापेक्षा भक्कम कोण सांगणार? अशा पावत्या गावागावांत पेट्यांत, वाशांत खोचलेल्या असतात. मागायला जाऊन त्या मिळत नाहीत. घरी बसून, भीती कशाची आहे ते ऐकून घेतलं की मिळतात.

जबाब लिहायला गावातलाच बारावी झालेला मुलगा बसवला. आजी त्यांच्या माडिया बोलीत बोलल्या, त्यानं मराठीत लिहिलं आणि परत माडियात वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीत त्यानं लिहिलं होतं, 'वनजमिनीवर अतिक्रमण करून शेती करीत आहे.' बिचाऱ्यानं लहानपणापासून तोच शब्द ऐकलेला. आजींना तो समजावून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, हे खोडा. आमच्या घरात आम्ही कुठून घुसलो? तिथं लिहिलं, 'माझ्या सासऱ्यांनी बांधी काढली.' ताई, तुमच्या कागदांत आणि बोलण्यात 'अतिक्रमण' आणि 'पट्टेवाटप' हे दोन शब्द येऊ देऊ नका. कायद्याच्या प्रस्तावनेतच या समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं मान्य केलं आहे आणि कायद्याच्या नावातच 'हक्कांची मान्यता' आहे. जे आधीपासून आहे त्याला मान्यता मिळते. वाटली जाते ती खिरापत.

तुमच्या नकाशांचं सांगते. कामाचे आहेत, पण त्यांची जागा दुसरी आहे. नियम स्पष्ट सांगतो की उपग्रहाची चित्रं आणि इतर तंत्रज्ञान बाकी पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या बदल्यात नाही. 'उपग्रहात शेत दिसत नाही' एवढ्यावर दावा फेटाळलेला असेल तर तोच तुमच्या अपिलाचा मुद्दा आहे. दिसत का नाही, हे मात्र तुम्ही उत्तम सांगू शकाल: दीड एकराची बांधी, मध्ये मोह, टेंभुर्णी राखलेली, वरून जंगलच दिसणार. २००५ च्या आसपासची चित्रं आणि आजची मोजणी शेजारी ठेवून अशा दोन-चार शेतांचं टिपण केलंत तर समितीला ते टाळता येणार नाही. फक्त घरी बसून रेषा आखू नका. पुण्यात आखलेली रेषा पाळीच्या आत पडली की तेवढी जमीन कायमची गेली, कारण नंतर 'तुमच्याच नकाशात एवढी आहे' असं सांगितलं जातं. गावातल्या दोन पोरींना आणि दोन पोरांना जीपीएस शिकवा. ते चालतील, तुम्ही मागे चाला. दुसरी गोष्ट: देवाची जागा, मधाची झाडं, औषधीच्या जागा गावाच्या परवानगीशिवाय नकाशावर टाकू नका आणि इंटरनेटवर तर मुळीच नको.

आणि त्या ३८ दाव्यांच्या नादात सामूहिक दावा मागे पडू देऊ नका. माझ्या अनुभवात हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वैयक्तिक हक्काला चार हेक्टरची मर्यादा आहे. सामूहिक वनसंसाधनाच्या हक्काला तशी मर्यादा नाही. गावाच्या पारंपरिक सीमेतलं जंगल, मग ते राखीव असो, संरक्षित असो की अभयारण्यातलं, त्यात येतं. कायद्याच्या कलम ३(१) मधल्या 'झ' खंडानं ते जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. एकट्याचा दावा एकट्याला साहेबांपुढे उभं करतो. सामूहिक दाव्यात ज्याची बांधी नाही तो भूमिहीनही येतो, विधवा येते, गुराखी येतो.

त्यासाठी गावाची शिव फिरावी लागते, आणि या कामात मला सर्वांत जास्त आनंद देणारे दिवस तेच आहेत. भाकरी बांधून पहाटे निघायचं, म्हातारी माणसं पुढे. एकदा नाल्यापाशी दोन गावांचा वाद पेटला. या गावचे म्हणत नाला आमचा, पलीकडचे म्हणत टेकडीपर्यंत आमचं. तास-दीड तास आवाज चढले. मग पलीकडच्या एक बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, पावसाळ्यात वास्ते काढायला आपण दोन्ही गावच्या बायका इथंच येतो, तेव्हा कोण कुणाला विचारतं? बांबूच्या कोवळ्या कोंबांनी वाद मिटवला. दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून लिहिलं की नाल्यापासून टेकडीपर्यंतचा भाग दोघांच्या वापराचा. नियमांत अशा सामाईक जागेसाठी संयुक्त बैठकीची वाट आहेच. असा वाद गावातच मिटवून कागदावर आणलात तर दावा अडवायला बाहेरच्याला फट राहत नाही.

कागद कुठं मिळतील? विदर्भात निस्तारपत्रक हा खजिना आहे. जमीनदारी-मालगुजारी संपली, जंगलं सरकारकडे आली, तेव्हा कोणत्या गावानं कुठून लाकूडफाटा आणायचा, गुरं कुठं चारायची, याच्या नोंदी झाल्या. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली, त्याआधी तो चंद्रपूर (जुन्या चांदा) जिल्ह्याचा भाग. म्हणून जुनं दप्तर शोधायला चंद्रपूरलाही जावं लागेल, आणि कारभार मध्य प्रांताचा होता म्हणून काही कागद हिंदीत सापडतील. वनखात्याच्या कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचे आराखडे), जुनी गॅझेटियर्स, जनगणनेची पुस्तकं पाहा. हे शोधकाम शहरातल्या माणसानं जरूर करावं. रेकॉर्ड रूमच्या चार फेऱ्या गावच्या माणसाला चार दिवसांची मजुरी बुडवून कराव्या लागतात.

मान्यतेनंतर काय, हेही आताच डोळ्यासमोर ठेवा. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे देशात सामूहिक वनहक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी एक. २००९ साली जवळपास १,८०० हेक्टर. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. हक्क मिळाला, तरी गावानं बांबू विकायला काढला तेव्हा वाहतुकीचा परवाना कुणी देईना. तो प्रश्न सुटला २७ एप्रिल २०११ ला, जेव्हा तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. म्हणजे हक्काचा कागद मिळूनही दोन वर्षं तगून राहावं लागलं. मेंढा तगलं, कारण तिथं कित्येक वर्षांपासून अभ्यासगट चालत होता आणि निर्णय सर्वसहमतीनं घ्यायची सवय मुरलेली होती. मेंढ्याचे देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून मी हेच शिकले.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पाहा. २०१२ मध्ये १,००६ हेक्टरवर हक्क मिळाला, बांबूतून गावाला उत्पन्न सुरू झालं. तेंदूपत्त्यात रोख पैसा असतो, पण त्यासाठी झाडं छाटतात, आगी लावतात. गावानं विचार करून तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. बाहेरच्या कोणत्याही सल्लागारानं हा सल्ला दिला नसता. मीही दिला नसता. दुसरीकडे शेकडो ग्रामसभा स्वतः लिलाव करून तेंदू विकतात, तेही त्यांचं ठरवणं. तुम्हाला पटत नसलेला निर्णय गावानं घेतला आणि तरी तुम्ही त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलात, की समजा मदत सुरू झाली.

ग्रामसभेची कोरम सांभाळा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बायका. हे रजिस्टरात दिसलं पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये दिवसा सभा लावली तर बायका येणार नाहीत. त्या अंधारातच मोहफुलं वेचायला गेलेल्या असतात. रात्री जेवणं झाल्यावर बसा. कायद्यानं हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असतो आणि एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या नावे. त्या ३८ फाईली तपासताना किती ठिकाणी बाईचं नाव गाळलंय ते मोजा आणि अपिलातच दुरुस्ती मागा.

गावात आदिवासी नसलेली घरं असतील, ढिवर, कुणबी, दलित, तर त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. गाव फोडायचं असतं तेव्हा पहिली फट इथंच पाडतात. त्यांच्याकडून ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो, पण तो त्या भागात राहण्याचा आणि जंगलावर विसंबून असण्याचा आहे. तोच शेताचा तुकडा ७५ वर्षं कसल्याचा नव्हे. आदिवासी विकास मंत्रालयानं याचा खुलासा केलेला आहे. तो छापून फाईलला लावा.

अमान्य दाव्याच्या शेतात कुणी खड्डे खणायला, रोपं लावायला आलं तर? दाव्यांची तपासणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवता येत नाही, हे कलम ४(५) आहे. फेटाळलेल्या दावेदारांना काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १३ फेब्रुवारी २०१९ चा आदेशसुद्धा त्याच महिन्यात २८ तारखेला स्थगित झाला. तेव्हा भांडाभांडी नको. गावकऱ्यांनी तिथल्या तिथे पंचनामा करावा, फोटो काढावेत, त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्यावं, पोच घ्यावी.

ऑनलाइन सह्यांची मोहीम आत्ता नको. नावं-गावं बाहेर पडली की दबाव गावावर येतो, पुण्यावर नाही. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीविरुद्ध जगभरातून आवाज उठला होता, तो मोलाचाच होता. पण खाण थांबली ती २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १२ ग्रामसभांनी, जिल्हा न्यायाधीशांच्या समोर, एकेक करून नकार नोंदवला तेव्हा. तिथली डोंगरिया कोंध आदिवासी माणसं आपल्या भाषेत, आपल्या देवाचं नाव घेऊन बोलली आणि ते इतिवृत्तात उतरलं. तुमच्या गावाला उद्या मोहीम हवी असेल तर ग्रामसभा ठराव करेल, काय सांगायचं आणि काय नाही ते ठरवेल. मग तुमची ताकद लावा.

पुढच्या वेळी जाताना एक जाड रजिस्टर, शाईचं पॅड, आणि ३८ प्लॅस्टिकच्या फाईली घेऊन जा. प्रत्येक कागदाची मूळ प्रत घरात, एक प्रत ग्रामसभेच्या कपाटात, तिसरी हवी असेल तर तुमच्याकडे. मोक्यावर तपासणीला वन आणि महसूलचे कर्मचारी आले की त्यांनी सही, हुद्दा, तारीख, शेरा तिथंच लिहायचा असतो, हे त्या चौघा पोरापोरींना पाठ करून द्या. आणि आधी ज्यांच्या हातात पत्रच पडलेलं नाही त्यांची यादी करा. कोणत्या समितीनं, कोणत्या तारखेला फेटाळलं ते मला कळवा, अपील कुठं टाकायचं ते त्यावरून ठरेल.